गूगल शॉपिंग प्रकरण : तक्रार ते अंतिम निकाल, पंधरा वर्षे

१० सप्टेंबर २०२४ रोजी लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने गूगलचे शेवटचे अपील फेटाळले आणि २४२ कोटी युरोंचा दंड कायम झाला. ज्या तक्रारीतून हे प्रकरण उभे राहिले, ती नोव्हेंबर २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेकडे, गेली होती. मुद्दा असा, की गूगलने शोधाच्या पानावर स्वतःची दर-तुलना सेवा वर दाखवली आणि प्रतिस्पर्धी सेवा खाली ढकलल्या. तक्रार करणारी फाउंडेम ही अशीच सेवा देणारी छोटी ब्रिटिश कंपनी २०१६ मध्येच बंद पडली होती.

या प्रकरणाची चर्चा बहुधा दंडाच्या आकड्यापासून सुरू होते. मला तारखा जास्त महत्त्वाच्या वाटतात. युरोपीय आयोगाने इथे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर ओळखला, पुराव्यानिशी मांडला आणि तो दोन न्यायालयांत टिकवला. एवढे करूनही ज्या बाजारासाठी हा लढा होता तो फारसा सावरला नाही. वेळ लागला हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या मते त्याहून गंभीर आहे: गैरवापर थांबवायचा कसा, हे ठरवण्याचे काम ज्याने तो केला त्याच्याकडेच राहिले.

बाजार कसा होता

दर-तुलना सेवा म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव टाकल्यावर ती कोणत्या विक्रेत्याकडे किती किमतीला मिळते हे एका पानावर दाखवणारे संकेतस्थळ. ग्राहक तिथून विक्रेत्याकडे गेला की विक्रेता त्या क्लिकचे पैसे देतो. ही सेवा चालायची तर तिच्यापर्यंत माणसे पोहोचली पाहिजेत, आणि त्या काळात ती प्रामुख्याने गूगलच्या शोधातूनच पोहोचत होती. युरोपातल्या बहुतेक देशांत सर्वसाधारण शोधातला गूगलचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता.

ॲडम आणि शिवॉन राफ या दांपत्याने २००६ मध्ये फाउंडेम सुरू केली. थोड्याच काळात ती गूगलच्या निकालांत इतकी खाली गेली की वापरकर्त्यांना सापडेनाशी झाली. गूगलचे म्हणणे असे की दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरचाच मजकूर गोळा करून दाखवणारी पाने वापरकर्त्याला विशेष काही देत नाहीत, त्यामुळे ती खाली जाणे स्वाभाविक आहे. राफ दांपत्याचा मुद्दा वेगळा होता. अन्य शोधयंत्रांवर फाउंडेम व्यवस्थित वर दिसत होती, आणि २००८ च्या अखेरीस एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तिला देशातली सर्वोत्तम दर-तुलना सेवा ठरवले होते.

गूगलचीही स्वतःची दर-तुलना सेवा होती. २००२ मध्ये आलेली ‘फ्रूगल’, पुढे ‘प्रॉडक्ट सर्च’ आणि मग ‘गूगल शॉपिंग’. सुरुवातीला ती चालली नाही. ‘फ्रूगल मुळीच चालत नाही’ अशा अर्थाचे वाक्य गूगलच्या २००६ च्या अंतर्गत कागदपत्रांत आयोगाला सापडले. २००८ पासून, आधी जर्मनी आणि ब्रिटनमध्ये, मग फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, स्पेन आणि आणखी सात देशांत, गूगलने शोधाच्या पानावर अगदी वर किंवा उजवीकडे छायाचित्रे आणि किमती असलेली आपल्या सेवेची चौकट लावायला सुरुवात केली. प्रतिस्पर्धी सेवा मात्र सर्वसाधारण निकालांच्या रांगेत राहिल्या आणि त्यांना खाली ढकलणारे अल्गोरिदम गूगलच्या स्वतःच्या सेवेला लागू नव्हते.

या प्रकरणाचा सगळा गाभा इथे आहे. स्वतःची सेवा ठळकपणे दाखवणे हा एरवी गुन्हा नाही, प्रत्येक विक्रेता ते करतो. निकृष्ट वाटणारी पाने खाली ढकलणे हेही शोधयंत्राचे रोजचे काम आहे. दोन्ही गोष्टी सुट्या पाहिल्या तर समर्थनीय ठरतात. शोधात जवळजवळ एकट्याचे राज्य असलेल्या कंपनीने त्या एकाच वेळी केल्या आणि दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने गेला, तेव्हा तो वर्चस्वाचा गैरवापर झाला. हे सांगायला चार ओळी पुरतात. सिद्ध करायला आयोगाला साडेसात वर्षे लागली.

पहिली चार वर्षे तडजोडीत

आयोगाने ३० नोव्हेंबर २०१० रोजी औपचारिक चौकशी सुरू केली. तेव्हाचे स्पर्धा आयुक्त होआकिन अल्मुनिया यांनी आश्वासनांचा मार्ग निवडला. युरोपीय नियमांत अशी सोय आहे की कंपनीने वर्तन बदलण्याची हमी द्यावी, आयोगाने ती बंधनकारक करावी आणि प्रकरण दंडाशिवाय, दोष सिद्ध न करता मिटावे. या निवडीवर नंतर पुष्कळ टीका झाली, पण कल्पना मुळातच चुकीची होती असे मला वाटत नाही. वेगाने बदलणाऱ्या बाजारात दोन वर्षांत मिळालेला बरा उपाय दहा वर्षांनी मिळालेल्या अचूक निकालापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो.

हमीचा मजकूर मात्र गूगलच मांडत होते. तीनदा प्रस्ताव आले. फेब्रुवारी २०१४ च्या तिसऱ्या प्रस्तावात गूगलच्या चौकटीशेजारी तीन प्रतिस्पर्धी सेवा दाखवण्याची तयारी होती, पण दर-तुलनेच्या बाबतीत त्या जागा लिलावाने मिळणार होत्या. तक्रारदारांचा आक्षेप सरळ होता: जे स्थान आधी गुणवत्तेवर, फुकट मिळत होते ते आता गूगलला पैसे देऊन विकत घ्यायचे, म्हणजे ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याच तिजोरीत भर घालायची. अल्मुनिया आधी हा प्रस्ताव स्वीकारण्याच्या बेतात होते, पण विरोध वाढला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी माघार घेतली. लिलावाचा हा तपशील लक्षात ठेवावा असा आहे, तो पुढे परत येतो.

दरम्यान जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या स्पर्धा-नियामक संस्थेने शोधनिकालांतल्या पक्षपाताची आपली चौकशी बंद केली. पानाच्या रचनेतले बदल मुख्यतः वापरकर्त्याच्या सोयीसाठी होते, असा तिचा निष्कर्ष होता. तेच वर्तन, तीच कंपनी, जवळपास तीच वर्षे, आणि अटलांटिकच्या दोन काठांवर दोन उलट उत्तरे.

पुरावा

नोव्हेंबर २०१४ मध्ये मार्ग्रेट व्हेस्टेयर स्पर्धा आयुक्त झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये गूगलला आक्षेपपत्र, म्हणजे आयोगाचे आरोप लेखी कळवणारे पत्र, गेले, जुलै २०१६ मध्ये पुरवणी आक्षेपपत्र. २७ जून २०१७ रोजी निर्णय आला.

या निर्णयामागचे काम कौतुकास्पद आहे आणि ते नीट सांगितले पाहिजे. आयोगाने प्रत्यक्ष शोधनिकालांचा ५.२ टेराबाइट इतका डेटा, म्हणजे सुमारे १७० कोटी शोध, तपासला. सर्वांत वर असलेली प्रतिस्पर्धी सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसत असल्याचे आढळले. पहिल्या पानावरच्या दहा निकालांना सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात आणि दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला जेमतेम एक टक्का, हे लक्षात घेतले तर चौथे पान म्हणजे नसल्यातच जमा. गैरवापर सुरू झाल्यापासून गूगलच्या सेवेकडे जाणारी रहदारी ब्रिटनमध्ये ४५ पट आणि जर्मनीत ३५ पट झाली. उलट काही प्रतिस्पर्धी सेवांची रहदारी एकाएकी कोसळली, ब्रिटनमध्ये ८५ टक्क्यांनी, जर्मनीत ९२ टक्क्यांपर्यंत. आयोगाने इतर कारणांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी प्रयोगांचे निकालही पाहिले: पहिल्या क्रमांकावरचा निकाल तिसऱ्यावर हलवला तरी क्लिक जवळपास निम्म्याने घटतात.

गूगलचा सर्वांत ताकदीचा युक्तिवाद वेगळ्याच ठिकाणी होता. ग्राहक वस्तू शोधायला आता थेट ॲमेझॉनवर किंवा ईबेवर जातात, तीच खरी स्पर्धा आहे आणि दर-तुलना संकेतस्थळांचा ऱ्हास त्यामुळे झाला, असे कंपनीचे म्हणणे. आयोगाने ॲमेझॉनसारखे बाजारमंच आणि दर-तुलना सेवा यांना वेगळे बाजार मानले, कारण एक ठिकाण विकते आणि दुसरे अनेक विक्रेत्यांकडे पाठवते. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी न्यायालयात टिकली. तरी मला वाटते की गूगलने काहीच केले नसते तरी या सेवांपैकी काही मोबाइलच्या युगात मागे पडल्याच असत्या. स्पर्धा कायदा कुणाला टिकून राहण्याची हमी देत नाही. पण कोण टिकेल हे ग्राहकांनी ठरवायचे असते, आणि चौथ्या पानावरच्या सेवेबद्दल ग्राहकाला काही ठरवायला संधीच मिळत नाही.

दंड २४२ कोटी युरो, तेव्हापर्यंत वर्चस्वाच्या गैरवापरासाठी आयोगाने एका कंपनीला ठोठावलेला सर्वांत मोठा. २०१६ मध्ये गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे उत्पन्न ९,००० कोटी डॉलरच्या आसपास होते. एवढ्या मोठ्या कंपनीसाठी दंड ही परवडणारी रक्कम ठरते, म्हणून निर्णयाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता.

उपाय: ‘समान वागणूक’ आणि लिलाव

आयोगाने सांगितले की ९० दिवसांत गैरवापर थांबवा आणि स्वतःच्या सेवेला जशी वागणूक देता तशीच प्रतिस्पर्धी सेवांना द्या. न पाळल्यास अल्फाबेटच्या जगभरातल्या सरासरी दैनंदिन उलाढालीच्या ५ टक्क्यांपर्यंत रोजचा दंड. कसे पाळायचे ते मात्र आदेशात नव्हते. ती जबाबदारी कंपनीची, असे आयोगाने स्पष्ट म्हटले.

यामागे एक कायदेशीर विचार आहे. नियामकाने उत्पादनाची रचना करू नये, फक्त फळ काय मिळाले ते तपासावे. एखाद्या कारखान्याने किंमत ठरवण्यात गैरप्रकार केला तर ‘हे थांबवा’ एवढे सांगणे पुरते, कारण थांबणे म्हणजे काय हे सर्वांना कळते. शोधाच्या पानावर ‘समान’ म्हणजे काय? जागा समान? दिसण्याची पद्धत समान? क्लिकची संधी समान? की तिथे पोहोचण्याची अट समान?

गूगलने शेवटचा अर्थ घेतला. सप्टेंबर २०१७ अखेरीस त्याने गूगल शॉपिंग हा वेगळा विभाग केला आणि चौकटीतल्या जागा लिलावाला काढल्या. गूगल शॉपिंगनेही इतरांसारखीच बोली लावायची आणि तो विभाग स्वतःच्या पायावर नफ्यात चालायचा. २०१४ मध्ये तक्रारदारांनी ज्या लिलावाला विरोध केला होता, तोच तीन वर्षांनी आदेशाच्या पालनाचा मार्ग म्हणून परतला.

यात दोन दोष होते. गूगल शॉपिंगने बोलीत दिलेला पैसा त्याच समूहाच्या एका खिशातून दुसऱ्यात जातो. प्रतिस्पर्ध्याचा पैसा मात्र कायमचा बाहेर जातो. हिशेब कागदावर कितीही वेगळे ठेवले तरी समूहासाठी त्या बोलीची खरी किंमत तीच राहत नाही. शिवाय विक्रेत्याकडून मिळणाऱ्या क्लिकच्या पैशातला मोठा भाग बोलीत गेला तर प्रतिस्पर्ध्याकडे सेवा सुधारायला काय उरणार?

दुसरा दोष मला अधिक खुपतो. चौकटीत दिसते ती एका विक्रेत्याच्या एका वस्तूची जाहिरात, आणि तिच्यावर क्लिक केले की ग्राहक थेट विक्रेत्याच्या पानावर जातो. खाली लहान अक्षरांत दर-तुलना सेवेचे नाव असते. म्हणजे त्या सेवेचे तुलनेचे पान, जे तिचे मूळ काम, ते ग्राहकाला दिसतच नाही. ती विक्रेत्यांच्या वतीने गूगलवर जाहिराती लावणारी मध्यस्थ होते. काही नव्या कंपन्या तर फक्त याच कामासाठी निघाल्या. त्यांची तुलनेची संकेतस्थळे नावापुरती होती. चौकटीतले प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिरातींचे प्रमाण वाढत गेले आणि आकडेवारीत स्पर्धा परतल्यासारखी दिसली. तुलना करणाऱ्या सेवांना ग्राहक परत मिळाले का, हा प्रश्न त्या मोजमापात येत नव्हता.

२०१९ मध्ये युरोपातल्या चाळीसएक दर-तुलना सेवांनी व्हेस्टेयर यांना पत्र लिहून हा उपाय चालत नसल्याचे कळवले. आयोगाने तंत्रज्ञ नेमून देखरेख ठेवली होती, पण पालन झाले नाही असा औपचारिक निर्णय कधी दिला नाही, आणि ५ टक्क्यांचा तो रोजचा दंडही लागला नाही. इथे आयोग कमी पडला असे माझे स्पष्ट मत आहे. पालन झाले की नाही याचा निकष आधी ठरवलेला नसेल तर ते झाले नाही हे सिद्ध करायला पुन्हा तेवढाच मोठा खटला लढावा लागतो, आणि तो लढण्याची ताकद आयोगाकडे उरली नव्हती.

अंतरिम आदेशाचा रस्ता होता. स्पर्धेचे भरून न येणारे नुकसान होण्याची शक्यता असेल तर अंतिम निर्णयाआधीच वर्तन थांबवण्याचा अधिकार आयोगाला आहे. या प्रकरणात तो वापरला गेला नाही. मधल्या सबंध काळात तो कुठेच वापरला गेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध वापरला गेला, तो तब्बल १८ वर्षांनी. पुराव्याचा उंबरठा उंच आणि न्यायालयात हरण्याची भीती, यामुळे हे हत्यार गंजत पडले होते.

न्यायालये आणि नुकसानभरपाई

युरोपीय सर्वसाधारण न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयोगाची बाजू जवळपास पूर्ण उचलून धरली. गूगलचा मुख्य कायदेशीर बचाव १९९८ च्या ब्रॉनर निकालावर उभा होता. प्रतिस्पर्ध्याला आपली सुविधा वापरू द्यायला वर्चस्व असलेली कंपनीही सहसा बांधील नाही. ती सुविधा अपरिहार्य असल्याचे आधी दाखवावे लागते, असे त्यात आहे. न्यायालयाने म्हटले की इथे सुविधा नाकारण्याचा प्रश्न नाही, आत घेऊन वेगळी वागणूक देण्याचा आहे. अंतिम निकालात वरच्या न्यायालयानेही हेच मान्य केले, मात्र स्वतःच्या सेवेला झुकते माप देणे हे आपोआप बेकायदा ठरत नाही, परिस्थिती पाहावी लागेल, असेही सांगितले. म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रकरणात परिस्थिती पुन्हा नव्याने सिद्ध करणे आले.

या निकालांचा एक ठोस फायदा झाला, तो खासगी दाव्यांना. आयोगाचा निर्णय अंतिम झाला की राष्ट्रीय न्यायालयांत गैरवापर पुन्हा सिद्ध करावा लागत नाही, फक्त नुकसान दाखवावे लागते. हेउरेका या चेक सेवेच्या दाव्यात एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की गैरवापर चालू असेपर्यंत दाव्याची मुदत सुरू होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने इडेआलो या जर्मन सेवेला सुमारे ४६ कोटी ५० लाख युरोंची भरपाई मंजूर केली. तो प्राथमिक स्तरावरचा निकाल आहे, पण पैसा प्रथमच ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे वळतो आहे. सरकारी तिजोरीत गेलेल्या २४२ कोटींनी तसे केले नव्हते.

सुधारणा: आधी नियम

या अनुभवातून जे शिकायचे ते आयोगाने कायद्यात उतरवले. डिसेंबर २०२० मध्ये डिजिटल मार्केट्स ॲक्टचा मसुदा आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कायदा अमलात आला आणि मार्च २०२४ पासून त्यातली बंधने लागू झाली. युरोपात ७५० कोटी युरोंची वार्षिक उलाढाल किंवा ७,५०० कोटी युरोंचे बाजारमूल्य, महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला १०,००० व्यावसायिक वापरकर्ते, असे निकष पार करणारी कंपनी ‘द्वारपाल’ ठरते. मग तिचा बाजार कोणता, वर्चस्व किती, परिणाम काय, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. मानांकनात स्वतःच्या सेवेला झुकते माप देण्यावर बंदी सहाव्या कलमात थेट लिहिलेली आहे. गूगल शॉपिंगमध्ये ज्यावर सगळी वर्षे गेली तो भाग एका वाक्यात आला. दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, पुन्हा केल्यास २० टक्क्यांपर्यंत.

वेळेचा प्रश्न यामुळे बराच हलका झाला. बंधने लागू झाल्यावर तीन आठवड्यांतच, २५ मार्च २०२४ रोजी, आयोगाने गूगल शोधाबाबत चौकशी उघडली आणि मार्च २०२५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष कळवले की कंपनी अजूनही आपल्या खरेदी, हॉटेल, विमान अशा सेवांना झुकते माप देते आहे. आधीच्या प्रकरणात या टप्प्यावर यायला औपचारिक चौकशीनंतर चार वर्षांहून अधिक काळ लागला होता.

उपायाचा प्रश्न मात्र नव्या कायद्यातही उभाच आहे, आणि त्याला आता तिसरी बाजू फुटली आहे. बंधनांमुळे गूगलने तुलना सेवांना पानावर जास्त जागा दिली, तेव्हा हॉटेले आणि विमान कंपन्यांनी तक्रार केली की आमच्याकडे थेट येणारे ग्राहक आता मध्यस्थांकडे जाऊ लागले. तुलना सेवांचे म्हणणे, दिलेली जागा अजून पुरेशी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गूगलने जर्मनी, बेल्जियम आणि एस्टोनियात हॉटेलांच्या शोधातून नकाशा आणि किमतींसारखी वैशिष्ट्ये काही काळ काढून जुन्या पद्धतीचे साधे दुवे दाखवून पाहिले. समान वागणुकीचा हा अर्थ घेतला तर वापरकर्त्याच्या हाती काय उरते, हे कंपनीला दाखवायचे होते.

एका पानावर वरची जागा मोजकीच असते, आणि तिच्यावर दावा करणारे तीन गट आहेत: द्वारपालाची स्वतःची सेवा, तुलना सेवा आणि वस्तू वा सेवा पुरवणारे. कायदा पहिल्याला आवरतो. बाकी दोघांत वाटणी कशी करायची याबद्दल तो काही सांगत नाही. ही वाटणी गूगलवर सोडली तर कंपनी स्वतःला सर्वांत कमी त्रासाची रचना निवडेल, २०१७ मध्ये निवडली होती तशीच. आयोगाने ती हाती घ्यायची तर आधी निकष जाहीर करावे लागतील: कोणत्या शोधांवर, किती क्लिक कोणाकडे जातात, तुलनेच्या पानापर्यंत किती माणसे पोहोचतात. मग प्रस्तावित रचना खऱ्या वापरकर्त्यांवर, आयोगाच्या देखरेखीखाली आणि तिन्ही गटांना डेटा दाखवून तपासावी लागेल, आणि हे सर्व रचना मान्य करण्याआधी व्हायला हवे. त्यासाठी वकिलांइतकेच डेटा वैज्ञानिक आणि पानाची रचना जाणणारे लोक आयोगात लागतील. १७० कोटी शोध तपासून गैरवापर सिद्ध करणाऱ्या संस्थेला हे काम अशक्य नाही. २०१७ मध्ये ती मेहनत निर्णयाच्या तारखेला थांबली; या वेळी ती तिथून पुढे चालू ठेवावी लागेल.